लिंबोणीखालचे गोळीकिडे

किन्हीराजा गावातल्या आमच्या घरी, न्हाणीमागं, एक लिंबोणी होती. रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी हौसेनं लावलेली. बाकीचे म्हातारे पारावर जाऊन बसतात, हे लिंबोणीजवळ बसायचे. न्हाणीचं पाणी तिच्याकडं वळवलेलं होतंच, तरी दोन्ही वेळ वरून बादली. मी ओरडायची, "अवो, झाड हाय ते, म्हैस नाही!" ऐकतील तर शपथ.

यंदा तिची पानं पिवळी पडायला लागली अन् ह्यांचं जेवणावरचं मनच उडालं. एका सकाळी खोडाजवळची माती उकरली, तर आत राखाडी गोळीकिडे. पाठीवर पट्ट्या पट्ट्या, हात लावला की मुगाच्या दाण्याएवढी टणक गोळी. त्यात नवल ते काय? रांजणाखाली, ओल्या विटांखाली, कुजलेल्या पाल्यात, जिथं ओल तिथं ते असायचेच. ऊन सोसत नाही बिचाऱ्यांना. पण ह्यांचा पारा चढला.

"हेच खाऊन राह्यले माह्या झाडाले!"

"काहून उगाच त्यायच्यावर आळ घेता?"

"तुले काय समजते?"

झालं. बसनं मंगरूळपीरला गेले, औषध आणलं अन् बुडाशी ओतलं. किडे आपले गोळ्या होऊन बसले. मुंगी आली तर ती युक्ती चालते, त्या कडक पाठीत तिचा दात शिरत नाही. औषधापुढं काय चालणार? दुसऱ्या दिवशी सगळे मरून पडलेले. मला वाईट वाटलं, पण हे त्या दिवशी पोटभर जेवले.

झाड मात्र वाळलंच. खोदून काढलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. मुळं काळी, मऊ पडलेली, साल नुसती हातात येत होती. जिथं मूळ धड होतं तिथं किड्याचा ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी खाल्लं ते कुजलेलंच, अन् कुजवलं ते आमच्या बादलीनं. ह्यांच्या ध्यानात यायच्या आत मी घाईनं म्हटलं, "पाहा, किड्यायनंच खाल्लं."

ह्यांनी एक मूळ हातात घेऊन दाबलं. बोटांमधून पाणी निघालं.

"नाही वं," म्हणाले, "चोर सोडून संन्याशाले फाशी देल्ली मी."

आता न्हाणीचं पाणी सरळ नालीत जातं. हे दिवसभर ओसरीवर बसून राहतात. मला बघवेना, म्हणून परवा कढीपत्त्याचं रोप आणून मीच लावलं अन् भरलेली बादली ह्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी कडीला हात घातला, उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"तूच घाल. कोनाले किती पाणी लागते, मले नाही समजत."

त्या बादलीवरून मी किती तोंड वाजवलं, माय! आता घ्या म्हणते, तर घेत नाहीत.