आमचा बॉयलरवाला आणि माझी साक्ष

आत शिरण्याआधी बाहेर कसं पडायचं याचा विचार करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या राईस मिलचा बॉयलरवाला होता. देवळात गेला तरी देवाचं दर्शन नंतर, आधी मागचं दार. कुणाच्या घरी चहाला बोलावलं तर पहिला घोट घेण्याआधी तो स्वयंपाकघरात डोकावून सिलेंडरची नळी बोटाने चाचपून यायचा, आणि घरच्या बाईला वाटायचं, हा साखर किती टाकते ते पाहायला आला. माझ्या मुलीच्या लग्नात त्याने जेवणाआधी सगळ्या मंगल कार्यालयाला फेरी मारली आणि मागच्या फाटकाला कुलूप दिसताच चौकीदाराला गाठलं. चावी मालकाकडे आणि मालक बालाघाटला. त्यावर हा गृहस्थ कुलूप फोडायला एक लोखंडी सब्बल मिळवून फाटकापाशी खुर्ची टाकून बसला तो वरात निघेपर्यंत. अक्षता नाहीत, जेवण नाही. मी रागावलो तेव्हा शांतपणे म्हणाला, "अक्षता टाकाले हजार लोकं आहेत जी बाबूजी. कुलूप पाहाले कोन आहे?"

एसटीत तो नेहमी संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीपाशी बसायचा, आणि ती उघडते की नाही हे कंडक्टरला विचारायचा. एकदा सडक अर्जुनीच्या स्टँडवर एका कंडक्टरने वैतागून, तूच उघडून पाहा, असं म्हटलं. त्याने पाहिलं, तर अख्खी खिडकी चौकटीसकट त्याच्या हातात आली. मग ती मांडीवर घेऊन, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी गळत असताना, तो गोंदियापर्यंत असा खुशीत बसून आला की जणू पहिलं नातवंड घरी आणतो आहे. मिलमधला बॉयलर हा त्याचा सासरा होता. रोज सकाळी येऊन काच पुसायची, काटा पाहायचा आणि "का जी मामाजी, बरं आहे ना?" असं विचारायचं. सासऱ्याकडे पाठ करून कुणी उभं राहिलेलं त्याला खपायचं नाही. नवा मजूर कामावर आला की हा आपल्या खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या डोळ्यांना बांधायचा आणि बसल्या जागेवरून दारापर्यंत पावलं मोजत जायला लावायचा, कारण धुरात डोळे कामाचे नाहीत, पाय कामाचे. एकदा मिलचे मालक, खुद्द सेठजींनी गमतीने दुपट्टा बांधून घेतला आणि चौथ्याच पावलाला खांबावर आदळले. त्या दिवसापासून त्यांच्या मनातून तो उतरला.

या खेळात सगळ्यांत हुशार कुंताबाई. बारदाना शिवायच्या खोलीत, आतल्या कोपऱ्यात बसणारी. तिथे चार बाया फाटकी पोती सांधायच्या. कुंताबाई डोळे बांधून, हसतहसत, कुठेही न अडखळता दारात यायची, आणि बॉयलरवाला बाकीच्यांना म्हणायचा, पाहा, हिच्यासारखं शिका.

कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. महिन्यातून एकदा, कधी ते कुणालाही न सांगता, तो ती घंटा वाजवायचा. घंटा झाली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी ट्रक तोलायच्या धर्मकाट्यापलीकडच्या आंब्याखाली जमायचं. हा डोकी मोजणार, एक कमी भरलं तर पुन्हा मोजणार. बाया हसायच्या, पुरुष तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायचे, एवढ्यात दहा-पंधरा मिनिटं जायची. मी मिलचा मॅनेजर होतो. सेठजी मला विचारायचे, "मिल आप चलाते हो या वो पागल?" मी एक दिवस सगळ्यांना उभं करून सांगितलं की यापुढे घंटा वाजली तरी जागा सोडायची नाही. आधी ऑफिसच्या खिडकीकडे पाहायचं. मी हात दाखवला तरच निघायचं. त्यानंतरच्या पहिल्या घंटेला कुंताबाई सवयीने सर्वांच्या आधी बाहेर पळाली. मी सगळ्यांसमोर तिची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. ती परत जाऊन पोतं सांधायला बसली. बॉयलरवाला मात्र ऑफिसात येऊन म्हणाला, "बाबूजी, आगीले तुमचा हात दिसत नाई." मी त्याला सराव कायमचा बंद करायला सांगितलं. त्याने केला. रजिस्टरमध्ये मात्र तो दर महिन्याला होत राहिला, माझ्या सहीने.

आग लागली त्या दुपारी मी खिडकीच्या खोलीत नव्हतो. तपासणी येणार होती, म्हणून सेठजींच्या बंद केबिनमध्ये बसून मी मागच्या महिन्यांचे न झालेले सराव लिहून काढत होतो. घंटा मला ऐकू आली. मला राग आला, की बंद करायला सांगितलं तरी हा ऐकत नाही. मी आणखी दोन सह्या केल्या आणि मग उठलो. धान वाळवायच्या ड्रायरच्या पाठीमागून भुशाने पेट घेतला होता आणि त्या भिंतीला लागूनच बारदान्याची खोली होती. चारही बाया घंटेसरशी दारात आल्या होत्या. आग त्यांच्या बाजूने दिसत नव्हती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. हात नव्हता. त्या आपापल्या जागी जाऊन बसल्या. अंगणाच्या त्या टोकाला, कडुलिंबाखाली असलेला बॉयलरवाला घंटा बडवत ओरडत होता, पण यंत्रांच्या आवाजात त्याचं बोलणं पोचत नव्हतं. मग धूर आला. दाराजवळच्या तिघी निघाल्या. कुंताबाई उठली तोवर पेटलेल्या गठ्ठ्यांची थप्पी वाटेत कोसळली होती. बॉयलरवाल्याने उघड्या हातांनी ती ओढली आणि तिला बाहेर आणलं. ती तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली.

चौकशीत मी साक्ष दिली. कुलपाची, सब्बलीची, एसटीच्या खिडकीची, मामाजींची, दुपट्ट्याची, वर लिहिली ती प्रत्येक गोष्ट मी त्या अधिकाऱ्यांना रंगवून सांगितली. ते हसले. मीही हसलो. अशा सनकी माणसाने इतक्यांदा विनाकारण घंटा वाजवली की त्या दिवशी ती कुणी मनावर घेतली नाही, असं मी म्हणालो, आणि पुढे मयत बाईने सूचनेकडे दुर्लक्ष केलं हेही जोडलं. माझ्या हुकमाबद्दल बाकीच्या तिघींना विचारलं गेलं, तर त्यांनी माना खाली घातल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर यायचं होतं. बॉयलरवाल्याने हुकमाचं सांगितलं, पण तो बोलायला लागला की समोरच्यांना एसटीची खिडकी आठवत असावी. त्याला कामावरून काढलं. मी निवृत्त होऊन सत्कार घेतला आणि फुलचूरला घर बांधलं.

यंदा मी सगळं खरं लिहून चौकशी झाली त्याच कार्यालयात दिलं. कागदाची पोच मिळाली, त्यापुढे काही नाही. मग त्याची एक प्रत घेऊन दवनीवाड्याला बॉयलरवाल्याकडे गेलो. तो बांधावर बसला होता. हातांची बोटं आता पुरती मिटत नाहीत. मला पाहून त्याने आधी पाणी मागवलं आणि मग, कायले आलात, असं विचारलं. मी कागद वाचून दाखवला. मी माफी मागू लागलो तर त्याने हात वर करून थांबवलं.

"मले का करायचा हा कागद? गावात मले पागल म्हनतेत, त्यानं माहं काही अडून नाई राहिलं. कुंताबाईच्या पोरीले जाऊन सांगा. तिले सारे म्हनतेत, तुही माय ऐके नाई म्हनून मेली. तिची माय ऐकली होती, बाबूजी. बराबर ऐकली होती. तुमचं ऐकली होती."

मी म्हणालो, माझ्याने एकट्याने जाववणार नाही. तो दुपट्टा खांद्यावर टाकून उठला.

कुंताबाईची मुलगी सडक अर्जुनीला हायवेजवळ शिवणकाम करते. दुकान लहान, मशीन एक, बाहेरून ट्रक जात असले की बोलणं थांबवावं लागे. मी कागद वाचला. वाचताना दोनदा थांबलो, तिने दोन्ही वेळा, वाचा काका, एवढंच म्हटलं. हजेरी कापल्याचं आलं तेव्हा ती म्हणाली की त्या संध्याकाळी आई घरी येऊन रडली होती, आणि का रडते ते सांगितलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी कागदाची घडी केली तेव्हा तिने मान वर केली.

"दारात उभी राहून खिडकीकडे पाहत होती ना ती? किती वेळ?"

माझ्याजवळ त्या वेळात केलेल्या दोन सह्या होत्या. त्या सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाकावर बसलेला बॉयलरवाला म्हणाला, "उलीसंच, बाई. पाहलं अन् वळली. तिले काही समजलंच नाई."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे पाहिलं. मशीनवरचं कापड तिने सरळ केलं, पण मशीन चालवलं नाही. थोड्या वेळाने उठून चहा ठेवला.

परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान निसवत होतं. खरंच उलीसंच, एवढासाच वेळ का, हे विचारावं असं मला सडक अर्जुनीपासून गोंदियापर्यंत वाटत होतं, आणि शेजारी बसलेल्या त्याला ते कळत असावं, कारण त्याने एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मी विचारलं नाही. त्या दुपारी खिडकीत असायला हवं होतं तेव्हा मी नव्हतो. तिला पाहत तो होता. म्हणून एवढं एक उत्तर मी तपासलेलं नाही. त्याने जसं दिलं तसंच इथे ठेवतो.