चुका मराठीत सांगायच्या होत्या

मी ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करते ती कुठल्या एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातले लोक आपापला वेळ देऊन ती चालवतात. लोणावळ्याजवळच्या भाजे गावी, आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात या भाषेतल्या बारीकसारीक दुरुस्त्या करून पाठवायच्या, असं माझं कित्येक वर्षं चाललं होतं. त्या लोकांपैकी कोणालाही मी प्रत्यक्ष भेटलेली नव्हते.

दर हिवाळ्यात तिथं एक आवाहन निघतं. विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात करावेत असे प्रकल्प सुचवा. जो सुचवील त्यानं त्या विद्यार्थ्याला शेवटपर्यंत सोबत करायची, ही अट. त्या अटीपाशी येऊन मी दरवर्षी पान बंद करायचे.

एका वर्षी मात्र ते बंद करता आलं नाही, ते माझ्या भावजयीमुळे. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना आम्ही दोन खोल्या देतो, आणि तो कारभार तिचा. एकदा एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली तेव्हा तिनं ठरवलं, याचा प्रोग्राम आपणच लिहायचा. पाहुणे नसलेल्या दिवशी ती माझ्याकडून शिकू लागली. भराभर शिकत होती. एका दुपारी मी लोणावळ्याहून परत आले तर लॅपटॉप मिटलेला आणि त्यावर टॉवेल टाकलेला.

काय झालं विचारलं, तर म्हणाली, लाल अक्षरं आली, काही मोडलं असेल म्हणून परत हात लावला नाही. मी उघडून पाहिलं. एक कंस बंद करायचा राहिला होता, बाकी काही नाही. खाली इंग्रजीत तसं लिहिलंही होतं. मी तिला म्हटलं, हे वाचायचं होतंस. पाहुण्यांचे इंग्रजी मेसेज तर रोज वाचतेस.

"वाचलं की, ताई," ती म्हणाली. "शब्द कळले. पन हे कुनाला बोलतंय तेच कळंना."

त्या वाक्यानं मला बसू दिलं नाही. दोन दिवसांत मी प्रस्ताव लिहिला, की या भाषेतले चुका सांगणारे सगळे संदेश मराठीत यावेत. पाठवला, आणि पाठवल्या क्षणापासून पस्तावले. लोहगडवाडीच्या रस्त्यानं चढत गेले, वळणावळणावर फोन काढून पाहत. तिथं रेंज येते आणि जाते. आली की उत्तर नसायचं, गेली की वाटायचं आत्ताच आलं असणार.

उत्तर आलं ते भाषेचा गाभा इतकी वर्षं सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांचं. त्यांनी लिहिलं होतं की ही इच्छा आहे, प्रकल्प नाही. विद्यार्थी सुरुवात कुठून करणार? काम पुरं झालं हे कशावरून ओळखायचं? आणि उद्या मूळ संदेश बदलले की मराठी कोण बदलणार?

मला राग आला. प्रश्न बरोबर होते म्हणून जास्तच आला. कारण नसताना एसटीत बसून लोणावळ्याच्या बाजारात गेले, उभ्या उभ्या चहा घेतला आणि तशीच परत आले. भावजयीनं काय आणलं विचारलं. काहीच आणलं नव्हतं.

मग सगळं पुन्हा लिहिलं. विद्यार्थ्यानं भाषांतर करायचंच नाही. कोणालाही आपल्या भाषेतले संदेश जोडता येतील अशी सोय तेवढी करायची, आणि तीही नवशिक्यांना हमखास भेटणाऱ्या चुकांपुरती. ज्याचं भाषांतर नसेल ते आपोआप इंग्रजीत दिसेल. मराठी त्यातलं एक उदाहरण.

ते पाठवल्यावर एका संध्याकाळी व्हिडिओवर बोलणं झालं. त्या गृहस्थांनी विचारलं, विद्यार्थ्यानं तुम्हाला न येणारं काही विचारलं तर?

"मलाही माहीत नाही असं सांगेन," मी म्हणाले, "आणि दोघं मिळून तुम्हाला विचारू."

ते म्हणाले, दुसरा मार्गदर्शक म्हणून माझं नाव घाला.

प्रस्ताव मंजूर झाला आणि माझी झोप उडाली. आता खरंच कोणी येणार होतं. विद्यार्थ्यांची पत्रं आली, बहुतेक एकसारखी, माझ्या प्रकल्पानं भारावून गेलेली. केरळमधल्या एका मुलीनं मात्र कौतुक न करता एक शंका विचारली होती. इंग्रजी वाक्यात जो शब्द आधी येतो तो आमच्या भाषेत शेवटी येतो, तर संदेशात नावं-आकडे घालायला सोडलेल्या मधल्या रिकाम्या जागा कशा भरायच्या? मराठीतही तेच होतं आणि मला ते सुचलं नव्हतं. आम्ही तिला निवडलं.

उन्हाळाभर मी फोनच्या मागे. तिची परीक्षा आली की ती गप्प व्हायची, आणि आता ही सोडून गेली असं मी धरून चालायचे. अंगणात येरझाऱ्या घालताना पाहून भावजय म्हणायची, "बसा की जरा. फोन काय पळून चाललाय व्हय?"

पहिली चालणारी आवृत्ती आली तेव्हा मी मुद्दाम एक चूक करून ती चालवली. लाल अक्षरं उमटली, मल्याळममध्ये. मनात मी मराठीच धरलं होतं, त्यामुळे आधी जरा खट्टू झाले. मग त्या गोल गोल अक्षरांकडे पाहत राहिले. चूक मीच केली होती, कुठं केली तेही ठाऊक होतं, तरी हात कीबोर्डवरून मागे आला. वाटलं, आता पुढचं बटण दाबू नये. त्या मुलीनं फोनवर ते वाचून अर्थ सांगितला तेव्हा कुठं पुढचं बटण दाबलं. भाषांतराची गरज मी प्रस्तावात पानभर मांडली होती, पण अंगात ती त्या दिवशी उतरली.

पुढं त्या गृहस्थांनी तिच्याकडून अर्धं काम पुन्हा लिहून घेतलं. ती चिडली, माझ्याशी बोलून मोकळी झाली आणि तिनं ते लिहिलं. शेवटी ते भाषेत गेलं. सगळं नाही, एक भाग. बाकीचं कोणी पुढं करेल म्हणून मोकळं ठेवलंय.

मराठी संदेश आता मी आणि भावजय करतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी, भांडत. मी 'अवैध मूल्य' लिहिलं तर ती म्हणाली, "अवैध म्हंजी पोलीस आल्यासारखं वाटतंय." तिला हवं होतं, 'इथं आकडा हवा होता, अक्षर आलंय.' मला 'आले आहे' हवं होतं. तिचं वाक्य पाठवलं. त्यावर कुठल्याशा कॉलेजातल्या प्राध्यापकांनी लिहिलं की ही भाषा फार सैल आहे, प्रमाण शब्द वापरावेत. त्यांना उत्तर लिहायला घेतलंय. लिहिते, पुसते, उठून अंगणात जाते. भावजय रोज विचारते, गेलं का उत्तर. अजून गेलेलं नाही.