‘टाळावे’च्या टेबलावर कोहळ्याच्या पुऱ्या

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे तिथं कोणी काही सांगितलं की ते बरोबरच असणार, असं मी धरून चालत असे. त्या दिवशी मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात आहार प्रदर्शन होतं. घरचा एक पदार्थ आणायचा होता. आखाड सुरू होता, म्हणून आईनं कोहळ्याच्या पुऱ्या तळल्या. कोहळं, म्हणजे लाल भोपळा, आमच्याच वावरातलं. किसून गुळात शिजवायचं आणि त्यात मावेल तेवढीच कणीक भिजवायची. आखाडात तण काढायला, निंदणाला गेलं की ओल्या अंगानं बांधावर बसून खावं लागतं. पोळी चिवट होते, ही पुरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. डबा घेऊन आई स्वतः आली. कॉलेज तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

प्रदर्शन मांडणाऱ्या मॅडमनी डबा ‘टाळावे’ अशी चिठ्ठी लावलेल्या टेबलावर ठेवला. ‘खावे’च्या टेबलावर दुकानातली पाकीटबंद बिस्किटं होती, वर गव्हाच्या ओंबीचं चित्र.

आईनं चिठ्ठी सावकाश वाचली. “काऊन वं, माह्या पुऱ्यायनं काय केलं?”

“तेल असते ना त्यात,” मी म्हणाले.

“मंग पाण्यात तळू का?” ती हसली, पण लगेच झाकण शोधू लागली. “तुले लाज वाटत असन तं वापस नेतो मी डबा.”

तेवढ्यात एक सर त्याच डब्यातली पुरी खात म्हणाले, “चव मस्त आहे, पण रोज नको हं.”

“रोज कोणी करत नाही, सर,” मी म्हणाले. मग बिस्किटांचं पाकीट उलटून मॅडमना दाखवलं. “मॅडम, यातही तेल आहे. मागे लिहिलंय.”

“अगं, मनाला लावून घेऊ नकोस,” मॅडम म्हणाल्या. “ आणि आता फोटोही काढून झालेत.”

तळलेलं रोज खाऊ नये, हे मलाही पटतं. पण दिवसभर वाकून निंदणाऱ्या बाईनं आखाडात काय खावं, हे तिला न विचारताच कसं ठरवलं? आणि पाकिटाला कोणीच काही का विचारलं नाही?

मी डबा उचलला आणि बिस्किटांच्या शेजारी नेऊन ठेवला. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आता परीक्षेत तुले तरास देतीन हे लोकं.”

“देऊ दे,” मी म्हणाले. झाकण मात्र तिनं हातातच धरून ठेवलं होतं.