करवतकाठी अर्धशिशी

आमच्या सासऱ्यांसारखं डोकं साऱ्या नागपुरात दुसऱ्या कुणाचं दुखलं नसेल. इतरांचं आपलं नुसतं दुखतं. यांचं दुखायला लागलं की गल्लीला कळायचं. रेडिओ बंद, हिंगाची फोडणी बंद, शेजारी भांडण चालू असेल तर तेही दबक्या आवाजात. सुंठीचा लेप फक्त डाव्या अर्ध्या कपाळावर, कारण अर्धशिशी डावी. उजव्या बाजूचे केस मात्र तेल लावून नीट विंचरलेले. तशाच थाटात ते एकदा इतवारीतल्या साड्यांच्या दुकानात जाऊन बसले आणि गिऱ्हाइकांना दिवसभर उजवी बाजू दाखवून बोलले.

घराणं विणकरांचं. तरुणपणी ते स्वतः मागावर बसायचे. पुढे माग बंद पडला आणि ते दुकानात लागले, पण तुटलेलं सूत गाठ मारून वाचवायची सवय काही सुटली नाही. औषधांच्या बाबतीत त्यांचा खरा जीव जिलबीत होता. सूर्य उगवायच्या आत, कुणाशी न बोलता, दुधात जिलबी खाल्ली की अर्धशिशी उतरते, हे त्यांना इतकं पटलं होतं की डोकं दुखत नसलं तरी ते अधूनमधून हा उपाय करून ठेवत. सासूबाईंनी हटकलं तर ओठांवर बोट ठेवून जिलबीकडे दाखवत. म्हणजे बोलायची मनाई.

शेवटी मीच त्यांना धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यालाही कारण होतं. आमच्या लग्नात, ऐन मुहूर्ताच्या आधी, सासरे मागच्या खोलीत डोक्याला फडकं आवळून आडवे झाले होते. कन्यादान त्यांच्या थोरल्या भावाने केलं. निघताना माझी बायको त्या अंधारात जाऊन पाया पडली, तर यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. आता धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं होतं आणि "इच्या वेळी मी उभा राहीन" एवढंच ते घोकत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही दिसतं का?"

"दिसते नं. करवतकाठ दिसते."

डॉक्टर बाहेरगावचे. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली आमच्याकडची साडी मी त्यांना हवेत बोट फिरवून समजावली. ते एकदम खूश झाले. "मग तो काठ चमकायला लागला की लगेच ही गोळी घ्यायची. डोकं चढल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही."

इथेच घोडं अडलं. न दुखणाऱ्या डोक्यावर गोळी खर्च करणं त्यांच्या स्वभावात बसेना. "अजून दुखूनच नाही राहिलं, तर गोळी काहून वाया घालू?" आणि दुखायला लागलं की, "याच्याहून मोठं आलं तर?" म्हणून अडकित्त्याने कातरून पाव गोळी. तिच्यात कॉफीतलंच काहीतरी असतं हे कुठूनसं कळल्यावर तर ते कॉफी पिऊन गोळी वाचवू लागले. त्यातून दुकानात दिवसभर डोळ्यांपुढे करवतकाठी साड्यांची चळत. समोरचा काठ कापडाचा की डोक्यातला, याचा निकाल लागेपर्यंत डोकं भणभणायला लागलेलं असायचं.

लग्न भर मे महिन्यात. बँड, अत्तर, मांडवाखालची झळ. अर्धशिशीला घरी जाऊन आमंत्रण दिल्यासारखंच. मुहूर्ताला थोडा अवकाश असताना सासरे माझ्या बायकोकडे टक लावून उभे होते. तिने नेमकी करवतकाठी नेसली होती.

"जवाईबापू," ते हळूच मला म्हणाले, "काठ दिसून राहिला. पण तो इच्या साडीचा असन."

बायकोने ऐकलं. "बाबा, डोळे मिटा."

त्यांनी मिटले.

"आता?"

"अजून दिसतेच वं."

"मग घ्या गोळी."

"पण दुखून तर नाही राहिलं..."

"माह्या लग्नात तुम्ही नव्हते, बाबा."

सासऱ्यांनी खिशातली डबी काढली आणि जन्मात पहिल्यांदा अख्खी गोळी गिळली.

डोकं चढलं नाही. कन्यादान त्यांनी झोकात केलं. भटजींना दोनदा टोकलं, नवऱ्या मुलाच्या शेल्याचा पोत बोटांनी चाचपून पाहिला आणि मान हलवली. पंचाईत झाली ती पाठवणीला. अशा वेळी अंधाऱ्या खोलीत पडून राहायची सवय. आज डोकं मोकळं, डोळे उघडे, आणि समोर लेक गाडीत बसतेय. ते ओक्साबोक्शी रडायला लागले. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी थांबेनात.

"पुरे करा नं आता," सासूबाई म्हणाल्या, "गेली ते."

त्यांनी माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. "तिचं झालं रडून," ते म्हणाले. "हे तुह्यावालं राह्यलं होतं."

मला तिथे उभं राहवेना. मी उगीचच बँडवाल्यांच्या चहाचं बघायला गेलो.

सासऱ्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. इतवारीत कुठे करवतकाठी साडी टांगलेली दिसली की बायको अजूनही क्षणभर थांबते आणि डोळे मिटून बघते.