अप्पांचा डावा हात

गाडी चालवताना आमच्या अप्पांचा डावा हात मागे जायचा. वळण आलं, खड्डा आला, म्हैस आडवी आली, की हँडल सोडून हात पाठीमागे, बसलेल्याच्या गुडघ्यावर. मागे कुणी नसलं तरी जायचा. रिकाम्या सीटला बोटं टेकवून परत यायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील अशीच गाडी चालवतात. आई मात्र वैतागायची. "मी काय पोतं हाय का, धरून ठेवायला?" म्हणायची. पण तिनं स्वतः कधी अप्पांना धरलं नाही. तशी तिला गरजच पडली नाही.

यामागचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तो विषय काढत नसे. भूकंप झाला तेव्हा आम्ही औशाला राहायचो, मी सहा-सात वर्षांची होते. आमच्या घराच्या एका भिंतीला तडा गेला, त्यावरच भागलं. अप्पांची थोरली बहीण अक्का, म्हणजे माझी आत्या, तासाभराच्या वाटेवर एका खेड्यात दिलेली होती. उजाडायच्या आत अप्पा आपली शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी काढून तिच्याकडे निघाले. आत्या दगडमातीच्या घराखालून जिवंत निघाली होती. बोलत होती, पाणी मागत होती. जीप, ट्रक अजून काहीच तिथं पोचलं नव्हतं. अप्पांनी तिला मागे एका अंगाला पाय सोडून बसवलं. साडी चाकात जाऊ नये म्हणून गाडीला डावीकडे सळयांची जाळी असते ना, साडीगार्ड, त्याच्या पट्टीवर तिचा पाय ठेवला. तिच्याच पदरानं तिला आपल्या कमरेला बांधलं आणि डावा हात मागे घालून तिला धरलं. आता क्लच दाबायला हात उरला नाही. म्हणून गाडी दुसऱ्या गियरमध्ये पडली ती औशापर्यंत दुसऱ्यातच आली.

वाटेत कुठेतरी आत्या बोलायची थांबली. अप्पा बोलतच होते. दवाखान्याच्या दारात कुणीतरी म्हणालं, "जरा लवकर आणायचं होतं." कोण म्हणालं ते अप्पांना आठवत नाही. त्या गर्दीत त्या बिचाऱ्यालाही आपण काय बोललो ते कळलं नसेल. पण अप्पांनी ते वाक्य जपून ठेवलं. ती गाडी मात्र गोणपाटाखाली झाकून टाकली आणि फिरायला दुसरी घेतली.

पुढे आम्ही लातूरला आलो, कारण लातूरला पोरं यायला लागली. मुदखेडपासून, किनवटपासून, कुठून कुठून आईबाप ट्रंका घेऊन यायचे आणि पोरगं क्लासला लावून डोळे पुसत परत जायचे. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या माडीवर होस्टेल, होस्टेलखाली खानावळ. त्या सगळ्या पोरांच्या सायकली आणि जुन्या गाड्या बिघडायच्या आणि त्या अप्पांच्या गॅरेजात यायच्या. मलाही डॉक्टर करायचं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत मी नव्हते. दोन वर्षं परीक्षा दिली, दोन्ही वेळा आपटले, आणि नातेवाइकांनी सांत्वनाला यायच्या आत मी गॅरेजात जाऊन पाना हातात घेतला. हैदराबादकडून आलेल्या एका सरांनी मला फिजिक्स शिकवलं होतं. घर्षणाचा धडा त्यांनी दोनदा शिकवला. मला तो क्लच प्लेट बदलताना कळला. माझ्या काकूला अजून वाटतं की मी घराण्याचं नाक कापलं. काकूची स्कूटी मीच दुरुस्त करते.

हेच सर एकदा गाडीचं ऑइल बदलायला आले आणि चहा पिता पिता बोलून गेले की चेन्नईच्या बाजूला शर्यतींचा ट्रॅक आहे, आणि शर्यत नसते त्या दिवशी फी भरून कुणीही आपली गाडी तिथं पळवू शकतं. त्यांनी तरुणपणी दोनदा पळवली होती. अप्पा इंजिनात डोकं घालून बसले होते. त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"तिथं म्हशी न्हाईत?"

"नाहीत."

"गतिरोधक?"

"नाहीत."

"अन् समोरून येणारं?"

"कुणीच नाही. सगळे एकाच बाजूला जातात."

अप्पा पुन्हा इंजिनात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं तेव्हा गोणपाट खाली पडलेलं होतं आणि अप्पा जुन्या गाडीची टाकी पुसत होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "हिला एकदा पुरी सोडून बघायची हाय. किती पळली असती, तेवढंच."

पळली असती. मला सगळं कळलं.

"आन् लई पळली तर?" मी विचारलं.

"तर मला कळंल," अप्पा म्हणाले. "मी उशीर केला का न्हाई ते."

मला त्यांचा राग आला. पंधरा वर्षांनी माणसानं कशाला स्वतःवर खटला भरावा? पण मी त्यांचा चेहरा बघितला. मी नऊ-दहाचा पाना घेतला आणि हेडलाइट उतरवायला बसले.

ट्रॅकची गाडी करायची म्हणजे आधी वजा करत जायचं असतं, ते मला तेव्हा कळलं. हेडलाइट, आरसे, इंडिकेटर, स्टँड, कॅरिअर, नंबरप्लेट, सगळं उतरवलं. हॉर्न काढताना अप्पांनी दोनदा विचारलं, "खरंच लागत न्हाई?" मग जोडायचं. परीक्षा संपल्या की पोरं लातूर सोडताना गाड्या मातीमोल भावात टाकून जातात. अशाच एका आपटलेल्या गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक आम्ही बसवला. मागची दातांची चकती लहान केली, म्हणजे वेग वाढतो. इंजिनाचं हेड लेथवर घासून आणलं, म्हणजे दाब वाढतो. होस्टेलवाल्याकडून निळा प्लास्टिकचा पिंप मागून आणला आणि तो कापून, शेकवून, वाकवून समोर वाऱ्याला आडोसा केला. तो शेवटपर्यंत पिंपच दिसला. नवे कोरे घेतले ते फक्त टायर, कारण टायरच्या बाबतीत अप्पा कुणाचंच ऐकत नाहीत.

सरांनी सांगितलं होतं की तिथं ऑइलचा नटबोल्ट तारेनं बांधलेला लागतो, सुटून ट्रॅकवर ऑइल सांडायला नको. अप्पांनी बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडलं आणि बायंडिंगची तार ओवून पक्कडीनं पिळली. भूकंपानंतर कॉलमच्या सळया बांधायला आमच्याकडे घरोघरी हीच तार आली. ती पिळायला तर माझी आईसुद्धा शिकली होती.

एक कबूल करते. कार्ब्युरेटरमध्ये जेट म्हणून एक पितळी तुकडा असतो, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. मोठं भोक, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. मोठा जेट आणलेला होता. मी तो बसवलाच नाही. जुना लहानच ठेवला. म्हटलं, नाही पळाली गाडी तर बरंच की. हा माणूस सुखानं जेवेल तरी. अप्पांनी किक मारली, दोनदा रेस केलं, कान तिरका करून ऐकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेट बदल, बाळ." मी मान खाली घालून बदलला.

रविवारी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवून बघितली. सरळ रस्त्याला ठीक होती. वळण आलं की अप्पांचा हात मागे. मी ओरडले, "अप्पा, हात!" ते ओशाळून म्हणाले, "मी सोडत न्हाई गं. तो आपोआप जातो." दहा वेळा वळवली, दहा वेळा हात गेला.

दोन दिवस आधीच सोलापूर स्टेशनवर नेऊन, पेट्रोल काढून, बारदानात शिवून गाडी पार्सलला दिली. निघायच्या दिवशी आई डबा घेऊन लातूरच्या स्टँडपर्यंत आली. तिनं कधीच विचारलं नव्हतं की कशाला चाललाय. बस हलताना एवढंच म्हणाली, "दोघंबी नीट या." सर चेन्नईला त्यांच्या भावाकडे जाणारच होते, ते थेट ट्रॅकवर भेटले.

तिथली गाडी तपासणारा माणूस आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारून थांबला. आजूबाजूला लाखालाखाच्या गाड्या उभ्या होत्या आणि मध्ये आमचा निळा पिंप. त्यानं तार बघितली, मान डोलावली. ब्रेक बघितले, मान डोलावली. मग डावीकडे वाकला आणि हसायलाच लागला. साडीगार्ड. आम्ही अख्खी गाडी सोलून काढली होती आणि साडीगार्ड जागेवर होतं. दोन महिने ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी त्याला पाना लावला नव्हता, अप्पांनीही लावला नव्हता. लातूरच्या दोन मेकॅनिकांना मोटारसायकल म्हटलं की तिच्यावर बाई बसणारच, हे इतकं पक्कं ठाऊक, की ते काढायचं असतं हे ध्यानातच आलं नाही. निदान मी तरी तसं म्हणेन. अप्पांचं मला माहीत नाही.

"काढावं लागेल," सर म्हणाले.

अप्पा जमिनीवर बसले. बोल्ट गंजला होता. मी करते म्हटलं तर नको म्हणाले. बराच वेळ लागला. शेवटी ते निघालं तेव्हा अप्पांनी खालच्या पट्टीवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि ते माझ्या हातात दिलं. "धर," म्हणाले.

भाड्याचा चामडी सूट त्यांना पोटावर होत नव्हता. गळ्यातलं इष्टलिंग आत सरकवलं, टाकीला विभूतीची तीन बोटं ओढली आणि ते गेले. मी कठड्याशी उभी होते. समोर पहिलं वळण दिसत होतं. अप्पा आले आणि हात मागे गेला. दुसऱ्या फेरीलाही गेला. झेंडेवाल्यानं त्यांना आत बोलावलं. तिथला साहेब रागावलेला होता. सरांनी त्याचं म्हणणं आम्हाला सांगितलं. दोन्ही हात हँडलवर हवेत, आणखी एकदा दिसलं तर बाहेर.

अप्पांनी हेल्मेटची काच वर केली. चेहरा घामानं भिजला होता. "जाऊ दे," ते म्हणाले. "माझ्यानं व्हायचं न्हाई. बांध गाडी."

मला काय झालं ठाऊक नाही. मी ते साडीगार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होते आणि मला रडू येत होतं. मी म्हणाले, "अप्पा, तिला मी धरलंय. तुम्ही जा."

त्यांनी साडीगार्डकडे बघितलं. मग काच खाली केली.

त्या फेरीला पहिल्या वळणावर दोन्ही हात हँडलवर होते. पुढच्या फेरीलाही. सरळ रस्त्यावर आवाज चढत गेला, तिसरा, चौथा, आणि गाडी अशी किंचाळली की मोठ्या गाड्यांवाल्यांनी माना वळवल्या. त्या गाड्या त्यांना डावी-उजवीकडून मागे टाकत होत्या, ते वेगळं. मी मोजत नव्हते. मी फक्त हात बघत होते.

वेळ संपल्यावर अप्पा आत आले, गाडी भिंतीला टेकवली आणि खाली बसले.  पाणी प्यायले. 

"पळती," ते म्हणाले. "लई पळती."

माझा जीव गेला.

"पर असला आरशावाणी रस्ता, अन् तरीबी चौथ्यात सगळं अंग हलत हुतं. माझीच मांड सुटत हुती. अक्का मागं असती तर पयल्या वळणाला पडली असती." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दुसऱ्यातच आणायला पायजे हुती. बरोबर आणली मी तिला." आणि ते रडले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघत होते. सर उठून उगीचच टायरची हवा तपासायला गेले.

लातूरला आल्यावर आम्ही सगळं परत जोडलं. हेडलाइट, आरसे, हॉर्न. साडीगार्ड अप्पांनी नवे बोल्ट घालून बसवलं. संध्याकाळी आईला म्हणाले, "चल, बाजारात जाऊन येऊ." त्या गाडीवर आई भूकंपाच्या आधी बसली असेल तेवढीच. तिनं पिशवी घेतली आणि पट्टीवर पाय टेकवून बसली.

मी गॅरेजच्या दारातून बघत होते. क्लास सुटले होते, रस्ताभर पोरंच पोरं. कोपऱ्यावर वळण आलं आणि गाडी वळली. अप्पांचा हात मागे गेला नाही. आई दचकली. "अवं!" तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. "धरा की! इतक्या वर्सांची सवय लावली, अन् आता पडले म्हंजे?"

अप्पांनी मागे वळून न बघता काहीतरी म्हटलं. ते मला ऐकू आलं नाही, रात्री जेवताना आईनं हसत हसत सांगितलं. ते म्हणाले होते, "आता तू धर."

आणि आईनं त्या सगळ्या पोरांसमोर, भर रस्त्यात, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. तेवढं मी बघितलं होतं.