टोपडं घातलेल्या गिटारी

शाहूपुरीतल्या त्या दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला वाटलं, आपण चुकून बाळंतविड्याच्या दुकानात शिरलो. भिंतीवर पंचवीस-तीस इलेक्ट्रिक गिटारी ओळीनं टांगलेल्या, आणि एकूण एक गिटारीच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचं टोपडं! लाल, पिवळं, ठिपक्यांचं. एकाला तर लोकरीचा गोंडासुद्धा. हनुवटीखाली बांधावी तशी नाडीची गाठ. मी दारातच हसत सुटले.

"हसा, हसा. समदीच हसत्यात," गल्ल्यामागून आवाज आला. "नाव झाकलंय. कंपनीचं नाव दिसलं की मानसाचं कान बंद पडत्यात. आदी ऐका, मग नाव बगा. बर्री, कुंदर्री. या, बसा."

हे बसुअण्णा. मूळचे सीमेकडच्या एका गावचे, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि हिशोब चुकला की दोन्हीची भेळ. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. वडिलांचं दुकान हार्मोनियम-तबल्याचं. गिटारी अण्णांनी आणल्या. टोपडी शिवली ती त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी. किमतीची चिठ्ठीही टोपड्याच्या आत. अण्णा आधी तुमचं बजेट विचारायचे, त्यात बसतील अशा चार गिटारी काढून द्यायचे, पण कुठली केवढ्याची ते काही केल्या सांगायचे नाहीत. तुम्ही वाजवायचं, ऐकायचं, एक निवडायची, मगच टोपडं निघायचं. चाळीस हजारांची तयारी करून आलेला माणूस अठरा हजारांची पसंत करून बसला की अण्णांना असा काही आनंद व्हायचा, की दुकानाला टाळं लावायची वेळ यांच्यावर अजून आली कशी नाही, असं मला वाटायचं.

त्यांचे प्रश्न ठरलेले असत. "काय वाजवतासा? कुठं वाजवतासा? आनि ॲम्पला किती ठेवलाय?" तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांची दांडी उडायची. सगळे पैसे गिटारीत घालून ॲम्प कुणाचा तरी मागून आणणाऱ्यांवर अण्णांचा विशेष राग. "निम्मं पैसं ॲम्पला ठेवा. गिटार नुसतं बोलतीया, लोकांस्नी ऐकू येतंय ते ॲम्पातनं. घसा बसलेल्या मानसाला भाषान कराय लावतासा व्हय?"

मग शेवटची परीक्षा. गिटार पट्ट्यानं खांद्याला अडकवून गिऱ्हाइकाला उभं करायचं आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायचा. चहा येईपर्यंत बसायची परवानगी नाही. टपरीवाल्यालाही माहीत असल्यामुळे तो मुद्दाम पाव तास लावायचा. ज्याचा खांदा दुखायला लागे त्याला अण्णा शांतपणे म्हणत, "तीन तासाचा कार्यक्रम असतोय पावणं. वजन दुकानात कळतंय त्ये बरं."

एकदा आजऱ्याचे एक काजूवाले मुलीला घेऊन आले. वडिलांना सगळ्यात महागडी हवी होती, कारण पाहुण्यांत सांगायचं होतं. मुलगी भिंतीवरची टोपडी मोजत बसली. अण्णांनी वडिलांना चहाला पिटाळलं आणि मुलीला विचारलं, "बाळ, तू काय ऐकतीस?" मुलीनं मोबाइलवर काहीतरी लावलं; गिटारीचा आवाज अगदी पातळ, स्वच्छ. अण्णांनी एक हलकी, बारीक मानेची गिटार काढली. "ह्यात तारंचा सूर पकडनारी कॉइल एकेरी हाय, आवाज असा घंटीवानी निगतोय. जरा गुणगुण ऐकू यील, तेवढी चालवून घ्यायची. त्ये शेजारचं दुहेरीवालं गप्प असतंय, पन जाड बोलतंय. तुला न्हाय लागायचं." वडील परत आले तेव्हा मुलगी वाजवत होती आणि किंमत ऐकून त्यांचं तोंड पडलं. इतकी स्वस्त? अण्णा म्हणाले, "पावन्यांस्नी वाजवून दावा. किंमत कोन इचारतंय?"

आता माझं. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंगवर हातोडी मारायची आणि आवाजावरून आत तडा आहे का ते सांगायचं, हे माझं रोजचं काम. आणि रविवारी आमचा हौशी ऑर्केस्ट्रा. सहा वर्षं मी त्यात शेवटच्या रांगेत बसून साधी लाकडी गिटार वाजवत होते आणि ड्रमच्या मागून ती माझी मलाही ऐकू येत नव्हती. मग आमचा इलेक्ट्रिक गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला गेला आणि पुढची खुर्ची रिकामी झाली. ऑर्केस्ट्रा चालवणारे सुतारसर म्हणाले, "वैशालीताई, दोन महिन्यांनी मोठा कार्यक्रम आहे. इलेक्ट्रिक घ्या, हात बसवा. जमलं तर जागा तुमची. नाहीतर आमचा भाचा आहेच."

भाचा तिथंच होता. बावीस वर्षांचा, केसांना जेल. तो हसून म्हणाला, "मावशी, तुम्हाला ती लाकडीच शोभते."

मावशी! मी एकोणचाळीसची होते. त्या एका शब्दानं मी अशी पेटले की विचारू नका. आमच्या कोल्हापुरात माणूस एकवेळ भुकेला राहील, पण ईर्षेला पडला की मागं हटायचा नाही. दुसऱ्याच दिवशी पंचवीस हजार घेऊन अण्णांच्या दुकानात हजर झाले आणि मोबाइलवरचा फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. काळीकुळकुळीत गिटार, दोन टोकदार शिंगं, खाली सूर लचकवायची दांडी.

अण्णांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. "काय वाजवतासा?"

"जुनी हिंदी-मराठी गाणी. ऱ्हिदम."

"मग ही दांडी कशाला?"

"छान दिसते म्हणून," मी म्हटलं. अण्णांनी समजावलं. ह्या गिटारीचा ब्रिज, म्हणजे तारा जिथं खाली अडकवलेल्या असतात तो भाग, स्प्रिंगांवर तरंगता असतो. एक तार तुटली की ताण बिघडतो आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होतात. ज्याला आवाज आभाळात चढवून खाली आपटायचा आहे त्याला ती ठीक. "तुमचा हात जड हाय. हातोडी मारायची सवय. तुमी तार तोडनार. साधा घट्ट ब्रिज घ्या." मग मोबाइल परत देत म्हणाले, "ताई, एक इचारू? कारखान्यात कानानं तपासतासा, आनि हितं डोळ्यानं?"

खरं होतं ते. म्हणूनच झोंबलं. मी म्हटलं, "अण्णा, विकायची असेल तर विका, शिकवणी नको."

"न्हाय विकत," अण्णा म्हणाले. तेही कोल्हापुरातच मुरलेले!

मी तणतणत घरी आले आणि तीच गिटार ऑनलाइन मागवली. पंचवीसच्या पंचवीस हजार तिच्यात घातले, ॲम्प एका मित्राचा उसना आणला. म्हणजे अण्णांनी सांगितलेलं एकूण एक मोडलं. दोन महिने मात्र जीव तोडून सराव केला. बोटांना घट्टे पडले, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीवर ताल मोजला. नवरा म्हणायचा, आमटीत मीठ नाही; मी म्हणायचे, सुरात आहे ना, मग खा.

कार्यक्रम रविवारचा, शुक्रवारी रंगीत तालीम होती. तिसऱ्याच गाण्यात मी जोशात हात मारला आणि तार तुटली. पुढच्या क्षणी सगळी गिटार अशी भेसूर रेकायला लागली की गायिका गाणं सोडून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, माझीच बोटं चुकताहेत. मी बोटं बदलत राहिले आणि ते आणखीच वाईट होत गेलं. भाच्यानं न विचारता आपली गिटार बाहेर काढली. सुतारसर माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा राहू दे ताई. पुढच्या कार्यक्रमाला बघू." सहा वर्षं वाट पाहिली होती, आणि दोन मिनिटांत संपलं. रिक्षात मी तोंडाला ओढणी लावून रडले.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी अण्णांच्या पायरीवर बसले होते. शिंगांची गिटार मांडीवर. अण्णा आले, माझ्याकडे बघितलं, गिटारीकडे बघितलं. मी मनाची तयारी केली, आता ऐकून घ्यायचं. ते एवढंच म्हणाले, "चा घेतलासा काय?"

"अण्णा, माझ्या बजेटात बसेल ती द्या कुठलीही. ही परत घ्या, काय येतील ते पैसे द्या. काल तालमीत तार तुटली आणि सरांनी जागा भाच्याला दिली. मला उद्या वाजवायचंय."

"आज नवी घेतलीसा तर वळख व्हायला म्हैना जातोय. उद्या कार्यक्रम." त्यांनी गिटार उलटी केली, मागचं झाकण काढलं. आत स्प्रिंगा दिसत होत्या. "गिटार वाईट न्हाय ही. तुमच्यासाठी न्हाय केलेली, एवढंच. आता करू की."

मग दोन तास ते खपले. जुन्या हार्मोनियमच्या सागवानी फळीचा तुकडा घेतला, मापून कापला, रंध्यानं तासला, कानस मारली, पुन्हा मापला. गिऱ्हाइकं आली ती अक्कांनी सांभाळली. शेवटी दोन लाकडी ठोकळे स्प्रिंगांच्या पोकळीत असे घट्ट बसवले की तरंगता ब्रिज जागच्या जागी गच्च झाला. दांडी काढून माझ्या पर्समध्ये टाकली. वर जाड तारा चढवल्या. "वाजवा," म्हणाले. मी वाजवलं. "जोरात वाजवा. राग आलाय न्हवं? काढा की भाईर." मी वाजवत राहिले. अण्णा डोळे मिटून, गल्ल्यावर बोटं ठेवून ऐकत होते. मग पक्कड घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत एक नवीकोरी तार तोडली. "आता वाजवा." पाच तारा सुरात होत्या! मी किंचाळलेच. अण्णांनी दुसरी तार चढवून दिली आणि फक्त तारांचे पैसे घेतले. मजुरी विचारली तर म्हणाले, "फळी बाबांची हाय. तिचं काय घ्यायचं?"

घरी जाऊन दुपारभर सराव केला आणि संध्याकाळी सुतारसरांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मी जे भांडले, त्याला तोड नाही. सहा वर्षं मागं बसवलंत, बाई म्हणून बसवलंत, भाच्यासाठी बसवलंत, उद्या मी वाजवणार म्हणजे वाजवणार, आणि एक सूर चुकला तर तिथंच गिटार ठेवून घरी जाईन. सर थोडं नाही-हो करत होते. मग एकदम म्हणाले, "बरं. या उद्या." माझा माझ्यावरच विश्वास बसेना. काय भांडतो आपण!

रविवारी वाजवलं. चांगलं वाजवलं. एक तारही तुटली. फक्त मला कळलं. पुढची खुर्ची तेव्हापासून माझी आहे, आणि सरांशी कशी भांडले ती गोष्ट मी नंतर दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगत आले. फौंड्रीत नवीन मुली आल्या की हमखास. जागा मागून मिळत नाही बायांनो, भांडून मिळते, बघा माझ्याकडे. अण्णांच्या दुकानातही कितीदा सांगितली. ते मान डोलवत ऐकायचे आणि दर वेळी तितक्याच कौतुकानं विचारायचे, "मग मास्तर काय म्हनलं?"

गेल्या वर्षी अण्णा गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. मातीला आम्ही ऑर्केस्ट्रावाले सगळे होतो. तिसऱ्या दिवशी अक्कांना भेटायला त्यांच्या घरी गेले तर सुतारसरही बसले होते. अक्कांना जरा बोलतं करावं म्हणून मी तीच गोष्ट काढली. शुक्रवारची फजिती, लाकडाचे ठोकळे, आणि मग माझं भांडण. सर कपात बघत होते.

"वैशालीताई," ते म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. तुम्ही त्या संध्याकाळी आलात ना, त्याच्या तासभर आधी अण्णा येऊन गेले होते माझ्याकडे."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "शनवारची एवढी गर्दी, दुकान माज्यावर टाकून स्कूटरवरनं गेलते."

"म्हणाले, मास्तर, मी तिचं वाजवनं ऐकलंय. गिटार चुकली हुती, हात न्हाय. उद्या तिलाच बसवा. मी म्हटलं, भाच्याला शब्द दिलाय. तर उठेचनात. शेवटी मी हो म्हटलं, तेव्हा दारातून मागं वळून म्हणाले, मी आलतो म्हनून सांगू नगासा. ती आता भांडाय यील. जरा भांडू द्या, मग व्हय म्हना. तिला वाटू दे, आपलं आपन मिळवलं."

मला पहिला आला तो राग. म्हणजे इतकी वर्षं मी गावभर सांगत सुटले ते काय होतं? आणि हा माणूस समोर बसून, मान डोलवून, मास्तर काय म्हणाले म्हणून मलाच विचारत होता! मी ताडकन उठले, चप्पल घातली. असंच शाहूपुरीत जायचं आणि विचारायचं, अण्णा, तुम्हाला मध्ये पडायला सांगितलं होतं कुणी? जिना उतरून रस्त्यावर आले, रिक्षालाही हात केला. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं जायचं? आणि मग लक्षात आलं, की भांडायला आता तिथं कुणीच नाही.