दादांचं कोलेस्टेरॉल
वडील छातीत कळ येऊन गेले. त्याच सकाळी माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. मला खव्याची स्वतःची भट्टी टाकायची होती, त्यांना ते मंजूर नव्हतं. तेराव्याला थोरले दादा साऱ्या भावकीसमोर म्हणाले, "ह्याच्या तोंडानं बापाला खाल्लं." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. भट्टी मी टाकलीच.

गेल्या वर्षी धाराशिवला रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल फार वाढलेलं. डॉक्टरांनी स्टॅटिनची रोज एक गोळी लिहिली.

"खवा चाखून झालं असंल," मी म्हणालो. "चाखणं बंद करतो, गोळी राहू द्या."

"खाणं सांभाळाच. पण कोलेस्टेरॉल तुमचं लिव्हरही तयार करतं. ही गोळी तिथली आच मंद करते, मग रक्तातलं जादाचं लिव्हर ओढून घेतं."

"मग रिपोर्ट सुधारला की बंद?"

"आच परत वाढवली तर दूध उतू जाणार का नाही?"

खव्याच्या भावात भल्याभल्या हलवायांना मी नमवलंय. हा माणूस एक गोळी कमी करेना.

मग त्यांनी घरच्यांबद्दल विचारलं. मी वडिलांचं सांगितलं.

"त्यांचं आता नक्की सांगता येणार नाही. पण हा दोष घराण्यात असू शकतो. सख्खा भाऊ असेल तर तपासून घ्या."

तडक दादांच्या दारात गेलो.

"आता कुणाला मारायला आलास?"

"रक्त तपासायला चला."

"मला काय धाड भरलीय? मी खवा तोंडात बी घालत न्हाय."

"व्हय, खवा न्हाय," वहिनी आतून म्हणाल्या, "पर तुपाची बरणी कोण चाटतंय?"

दादांचं कोलेस्टेरॉल माझ्याहून जास्त निघालं. गोळी सुरू झाली. पुढचा रिपोर्ट चांगला आला, तशी त्यांनी ती सोडून दिली. "बरा झालो की!"

"बरे झाला न्हाय, गोळीनं आवरून धरलंय!" मी इतका ओरडलो की शेजारी बाहेर आले.

आता रोज संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहतो. त्यांनी गोळी गिळल्याशिवाय हलत नाही.

"बापासारखाच हट्टी हाईस," ते म्हणतात.

तेराव्याचा तो शब्द त्यांनी अजून मागं घेतलेला नाही. भावकीसमोर बोलले, भावकीसमोरच मागं घ्यायला लावीन. त्यासाठी दादा जिवंत पाहिजेत.